पडलं ते देवीचं

“हात लावू नका! बाई, त्यास्नी हात लावू नका!”

हरिबा गुरव एवढ्या जोरात ओरडला की मी वाकले होते तशीच थांबले. माझ्यासमोर एका जुनाट जांभळाच्या मुळाला टेकून कुमुदताई आगटे जमिनीवर बसल्या होत्या. एक पाय लांब, एक दुमडलेला, निऱ्यांवर वाळका पाला. मी दोन पावलं पुढे होते, झाडांमागच्या वीरगळांकडे बघत. मागून “अगं बाई!” ऐकू आलं म्हणून वळले, तर बाई खाली.

“अहो, पडल्यात त्या. उठवायला नको का?”

“लागलंय का, आज्जी?” हरिबानं मला सोडून त्यांनाच विचारलं.

“नाही हो, विशेष नाही.”

“मग बसा तशाच.” तो माझ्याकडे वळला. “ह्या राईत जे पडतं ते सोमजाईचं. पान पडूं दे, फांदी पडूं दे, आंबा पडूं दे. हितली काडी कुनी चुलीत घातल्याली न्हाई.”

“पण हे माणूस आहे!”

“मानूस पडलं तर मानूसबी तिचंच.”

मी हसले. तो हसला नाही. त्याच्या मागे त्याची बायको सगुणा निवदाचं ताट घेऊन उभी होती, तीही हसली नाही. मग माझंही हसू आवरलं.

“सोडवायचं कसं मग?” मी विचारलं.

“सोपं हाय. आज्जीचं आपलं मानूस येतं. त्या दगडांच्या वळीभायेर उबं ऱ्हातं, नातं सांगतं आन म्हंतं, आमचं मानूस आमाला दे. मी कौल लावतो. देवीनं उजवा दिला की आज्जी उठली.” हरिबानं खांद्यावरच्या टॉवेलनं मान पुसली. “आज्जीचं कोन हाय तुमच्यात?”

आमच्यात म्हणजे मीच होते. आणि मी त्यांची कोण, हा प्रश्न त्या दिवशी विचारायला नको होता.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कराडला एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवत होते, अजूनही बनवते. दिवसभर प्लॅस्टर आणि साचे. कुमुदताई साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मुलाशी, प्रसन्नशी, माझं लग्न झालं होतं आणि काही वर्षांनी मोडलं. प्रसन्न माणूस वाईट नव्हता. नावाप्रमाणे नव्हता एवढंच. आम्ही दोघं एका खोलीत बसलो की दोघांचीही डोकी दुखायची. शेवटी कोर्टात जाऊन एकमेकांची डोकी सोडवली.

त्या लग्नात मला मिळालेली एक गोष्ट मात्र खणखणीत होती. सासूबाईंना दगडांचं वेड होतं. लेणी, बारव, शेंदूर फासलेले वीरगळ, सतीशिळा, कुठे रानात पडलेला नंदी, काहीही चालायचं. प्रसन्न म्हणायचा, दगड बघायला कशाला जायचं, अंगणात आहेत की. मग आम्ही दोघीच जायचो. ताई पिशवीतून वेणीफणीच्या पेटीतला आरसा काढायच्या आणि झिजलेल्या शिळेवर बाजूनं तिरका कवडसा पाडायच्या. नुसत्या डोळ्यांना जिथे दगडाशिवाय काही दिसत नसे तिथे एकदम घोडा दिसायचा, त्याचा लगाम दिसायचा, वर अप्सरा वीराला घेऊन निघालेल्या दिसायच्या. “बघ, बघ, हिचे दात बघ!” त्या मला मुद्दाम चिडवायच्या. मीही शिळेला नाक लावून बघायची.

घटस्फोटानंतर मला वाटलं, संपलं. तीन-चार महिन्यांनी लॅबमध्ये फोन आला. “वैजू, औंधकडे एका शेतात चार टप्प्यांचा वीरगळ आहे म्हणे. येतेस?” प्रसन्नचं नाव नाही, कोर्टाचं नाव नाही. मी गेले. तेव्हापासून जमेल तसं आम्ही जात होतो. त्या साताऱ्याहून यायच्या, मी कराडहून, आणि उंब्रजच्या स्टँडवर भेटायचो. अडचण एकच होती. त्यांना हाक काय मारायची ते मला कळत नव्हतं. ‘आई’ म्हणायचा हक्क कोर्टानं काढून घेतला असं मला वाटे आणि ‘काकू’ म्हणायला जीभ वळत नसे. मनात मी त्यांना कुमुदताई म्हणायची, तोंडानं ‘अहो’ आणि ‘ऐका ना’ यांवर भागवायची.

त्या दिवशी सकाळी एसटीत, पाटण मागे टाकून गाडी चढाला लागली तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “प्रसन्नचं लग्न ठरलं. पुढच्या महिन्यात आहे.”

“छान झालं,” मी म्हटलं. खरंच छान वाटलं होतं.

“घरात नवं माणूस येतंय. तिला अवघडल्यासारखं व्हायला नको. तेव्हा ही आपली शेवटची फेरी, वैजू.”

मी म्हटलं, “बरं.”

एवढंच. मी फार मानी बाई आहे, आणि मानी माणसाला ‘बरं’ म्हणायला फार बरं पडतं. त्यानंतर निवडेवाडीचा फाटा येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. फाट्यावर सगुणाच्या घरी चहा झाला, मी ओट्यावर उगाच कॅमेऱ्याशी खेळत बसले, ताई आत चुलीपाशी सगुणाशी बोलत बसल्या. मग हरिबा आम्हाला राईत घेऊन आला. चपला बाहेर काढून आम्ही आत शिरलो. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि आत पायाला ओला गारवा लागत होता. एवढी जुनी झाडं मी आधी कधी बघितली नव्हती. मला ते सगळं ताईंना सांगायचं होतं, पण मी रुसले होते.

आणि आता ह्या खाली बसल्या होत्या.

“दुपारची एसटी आहे आमची,” मी हरिबाला म्हटलं. “ती चुकली तर उद्याच.”

“मग बिगी बिगी सांगा की. नातं काय?”

मी ताईंकडे बघितलं. एरवी कंडक्टरनं तिकीट द्यायला उशीर केला तरी त्याला सुनावणारी ही बाई. एका पुजाऱ्यानं देवळात फोटो काढू दिला नाही तर त्याच्याशी अर्धा तास वाद घालून त्याच्याचकडून चहा प्यायलेली. आज मात्र मांजरासारखी गप्प बसली होती.

“अहो, तुम्ही तरी सांगा ह्यांना!”

“मी काय सांगू? गावाची रीत आहे, पाळायला हवी.” त्यांनी पदरानं वारा घेतला. “जरा पिशवीतलं पाणी दे. आणि चिवडाही दे.”

“चिवडा?”

“भूक लागली. देवीची झाले तरी भूक लागतेच ना.”

सगुणानं तोंडाला पदर लावला. मी पिशवी त्यांच्याकडे सरकवली.

“आज्जीला ल्योक हाय न्हवं?” हरिबानं विचारलं. “सरपंचाच्या घरी फोन हाय. बोलवा त्यास्नी.”

“त्याला नको,” ताई चिवडा चावत म्हणाल्या. “तो लग्नाच्या गडबडीत आहे.”

“मग ह्या कोन?” हरिबानं माझ्याकडे बोट केलं.

ताई चिवड्यातले शेंगदाणे निवडत बसल्या.

“मी ओळखीची आहे त्यांच्या,” मी म्हटलं.

हरिबानं कपाळाला हात लावला. “वळखीवर देवी मानूस देती व्हय? वळखीवर लई तर कोंबडं देईल.”

“बरं. मग सासू आहेत. माझ्या सासूबाई.”

“असं सांगा की मगाधरनं!”

तो लगबगीनं गेला. सोमजाई म्हणजे मूर्ती नव्हती, झाडांच्या पोटातला एक कमरेएवढा उभा दगड, डोळे लावलेला. त्यानं तांब्यातल्या पाण्यानं दगड भिजवला, जास्वंदीच्या दोन पाकळ्या घेतल्या, एक उजवीकडे चिकटवली, एक डावीकडे. मला दगडांच्या ओळीबाहेर उभं केलं. सुराशिवाय, एखाद्या शेजारणीशी बोलावं तसं तो देवीशी बोलला. “आई, परगावची माणसं हाईत. चुकून पडली म्हातारी. सून न्याया आलीया. द्यायची असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे.”

आम्ही थांबलो. राईत कुठेतरी एक पक्षी खोकल्यासारखा आवाज करत होता. पाकळ्या चिकटून होत्या. मी विज्ञानाची पदवीधर आहे. ओल्या दगडावर पाकळी किती वेळ राहते ते पाणी, वारा आणि दगडाचा खडबडीतपणा यांवर अवलंबून असतं हे मला चांगलं कळत होतं. तरी मी श्वास रोखून बघत होते.

डावी पडली.

“न्हाई म्हंती,” हरिबा म्हणाला.

इतकं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं. कोर्टाचा निकाल ह्या डोंगरातल्या दगडापर्यंत पोचला होता.

“बाई,” हरिबा जवळ येऊन म्हणाला, आता त्याचा आवाज मऊ होता, “हितं खरं सांगावं लागतं.”

“सासू होत्या,” मी म्हटलं. “आता नाहीत. त्यांच्या मुलाचा आणि माझा काडीमोड झालाय. तीन वर्षं झाली. आता तो दुसरं लग्न करतोय.”

सगुणानं ताट खाली ठेवलं आणि लगेच जीभ चावून पुन्हा उचललं. “अगं बया! आन तरी तुमी दोगी मिळून फिरताय?”

“फिरत होतो. आजपर्यंत.” मी म्हटलं, आणि तिथेच माझा बांध फुटला. मी हरिबाला सोडून ताईंकडे वळले. “आज सकाळीच ह्यांनी सांगितलं, शेवटची फेरी. मग मी कोण लागते म्हणून ह्यांना सोडवू? सांगा ना! तीन वर्षं मला स्टँडवर बोलावलंत. तापानं फणफणत होते तेव्हा कराडला येऊन चार दिवस माझ्या खोलीवर राहिलात, माझ्या घरमालकिणीशी भांडलात. आणि आता नवं माणूस येणार म्हणून मी एकदम कोणी नाही? एसटीत सांगता? खिडकीबाहेर बघत?”

“मग तू काय म्हणालीस?” ताईंनी चिवड्याची पुडी बंद केली. “‘बरं’ म्हणालीस. वा गं बाई! मला वाटलं होतं आता ही भांडेल, म्हणेल, शेवटची म्हणजे काय, मी नाही ऐकणार. रात्रभर मी तयारी केली होती, ती भांडली की मी कशी विरघळेन त्याची. आणि ही म्हणते ‘बरं’!”

“मी कुठल्या नात्यानं भांडणार होते?”

“तेच तर विचारतोय तो गुरव मगापासून!”

त्यांचा आवाज चिरकला. मी त्यांना रडताना कधीच बघितलं नव्हतं, त्यांच्या नवऱ्याचं दहावं करतानाही नाही. आताही त्या रडत नव्हत्या, पण नाकावरचा चष्मा त्या पुन्हा पुन्हा सारखा करत होत्या. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी इतकी माया वाटली की दगडांची ओळ ओलांडून जावंसं वाटलं. पण हरिबा मध्ये होता.

हरिबा आणि सगुणा दोघंही टक लावून ऐकत होते. राईत पडलेली माणसं सोडवायचं काम त्यांना नवीन नव्हतं, पण असा खेळ त्यांनाही क्वचितच बघायला मिळत असावा.

“झालं का तुमचं?” हरिबानं विचारलं. “मग ऐका. आता नीट सांगा, कारन तिसरा कौल मी लावनार न्हाई. दोनदाच. आन एक ऱ्हायलं. जी सोडवून न्येती, तिनं त्या माणसाला दर साली हितं देवीम्होरं घिऊन यायचं. म्हातारी जिती हाय तवर. चुकवायचं न्हाई. कबूल असंल तर बोला.”

“दर साली?” मी म्हटलं.

“दर साली.”

“दर साली का हो?” ताईंनी खालून अगदी निरागसपणे विचारलं.

“व्हय आज्जी. पावसाच्या आदी.”

मी तिथे उभी राहून शब्द शोधत होते. आई म्हणू? माझी आई होती, मिरजेला, धडधाकट, आणि तिला हे कळलं असतं तर तिनं देवीशीच वाद घातला असता. मैत्रीण? माझ्या मैत्रिणी लॅबमध्ये होत्या, त्यांच्याबरोबर मी पिक्चरला जायची. मावशी, काकू, आत्या, सगळे शब्द मी हातात घेऊन बघितले आणि एकही त्यांच्या मापाचा निघाला नाही. शब्द सापडत नाहीत म्हणून मी काय काय असतं ते आठवू लागले. आडगावचा स्टँड. एकीनं बाथरूमला जायचं, दुसरीनं सामान धरायचं. अनोळखी ओसरीवर रात्र काढायची तर एकीनं भिंतीकडे झोपायचं, दुसरीनं दाराकडे, आणि दाराकडे नेहमी त्या. घरून विचारत, एवढ्या लांब रानात एकटी कशी जातेस गं? आणि मी दरवेळी एकच उत्तर द्यायची.

“सोबत,” मी म्हटलं.

“काय?”

“माझी सोबत आहेत त्या. त्यांना मी आणि मला त्या. एवढंच नातं आहे. दर वर्षी आणीन. माझी सोबत मला दे म्हणावं.”

हरिबानं डोकं खाजवलं. “सोबत म्हंजे? असं नातं आजवर कुनी सांगितल्यालं न्हाई.”

“तुमाला न्हाई कळायचं,” सगुणा मागून म्हणाली. आतापर्यंत ती नवऱ्यापुढे एक शब्द बोलली नव्हती. “येकटं फिरल्याला गडीमानूस तुमी. बाईला इचारा सोबत म्हंजे काय. लावा कौल.”

“अगं पर देवीला सांगू काय?”

“देवीबी बाईच हाय. तिला कळतंय. तुमी पाकळ्या लावा.”

हरिबानं मुकाट्यानं पाकळ्या लावल्या. पुन्हा पाणी, पुन्हा उजवी, पुन्हा डावी. त्यानं माझंच वाक्य जसंच्या तसं देवीला सांगितलं, फक्त ‘सोबत’ म्हणताना जरा अडखळला. मग आम्ही चौघं त्या दगडाकडे बघत राहिलो. मी वारा, पाणी, खडबडीतपणा सगळं विसरले होते. मला ती पाकळी हवी होती. लहानपणी परीक्षेचा निकाल हवा असतो तशी हवी होती, लाज न बाळगता.

खूप वेळ काही झालं नाही. एक मुंगळा उजव्या पाकळीपाशी आला, तिला हुंगून गेला. डावी पाकळी कडेला सुटली, लोंबली. ताईंनी डोळे मिटले. आणि उजवी, एक अक्षर न बोलता, दगडावरून सरळ खाली आली.

“दिली!” हरिबा ओरडला. “उटा आज्जी!”

मी ओळ ओलांडून पळाले. ताईंनी हात पुढे केला, मी तो धरला आणि त्यांना उभं केलं. त्या उभ्या राहिल्यावर मी हात सोडला नाही, आणि त्यांनीही सोडवून घेतला नाही. सगुणा पुढे आली, दोघींच्या कपाळाला तिनं हळदीकुंकू लावलं, आणि एकाच नारळाची दोन भकलं करून एकीच्या ओटीत एक, दुसरीच्या ओटीत एक घातलं. मग हरिबा म्हणाला, “आता बगा की तुमचं दगुड, त्याच्यासाठी आलाय न्हवं?” आणि आम्ही वीरगळ बघितले. ताईंनी आरसा काढला. झाडांतून उन्हाचा एकच पट्टा येत होता, तो त्यांनी पकडला आणि तिसऱ्या शिळेवर टाकला. त्यात दोन वीर एका घोड्यावर बसलेले होते. असं मी पुन्हा कुठेही बघितलेलं नाही.

एसटी मिळाली. रिकामीच होती. फाटा मागे पडला, घाट उतरायला लागला. ताईंनी खिडकीची जागा मला दिली होती.

“नव्या सुनेला काय सांगणार?” मी विचारलं.

“सांगेन, नवस आहे म्हणून. नवसाला कोण अडवतं? प्रसन्नसुद्धा नाही अडवायचा, देवीला घाबरतो तो.”

खरंच होतं ते. मी हसले. मग एकदम त्यांच्या पायाची आठवण झाली. खड्ड्यात गाडी आदळली की मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, पण त्या मजेत होत्या.

“मघाशी मुळावर आपटलात ना? लागलं असेल. कराडला येता का, डॉक्टरांना दाखवू.”

“लागायला पडावं लागतं, वैजू.”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

“म्हणजे?”

“सकाळी चुलीपाशी सगुणानं सगळी रीत सांगितली. कोण सोडवतं, कसं सोडवतं, दर वर्षी कसं यावं लागतं. तू बाहेर तोंड फुगवून बसली होतीस. एसटीत बोलायचं ते माझं चुकलं होतंच. म्हटलं, आता हिच्याशी बोलून काही होणार नाही. मग जागा बघितली चांगलीशी, आणि बसले.”

“अहो, देवीला फसवलंत तुम्ही!” मी एवढ्यानं ओरडले की कंडक्टरनं मागे वळून बघितलं.

“छे!” त्या म्हणाल्या. “तिला कशाला फसवू? तिला आधी सांगूनच खाली बसले.”